फोटोग्राफीचे मास्तर: दागेरच्या पुस्तिकेपासून व्हिडिओ कोर्सपर्यंत

जगातला फोटोग्राफीचा पहिला कोर्स म्हणजे एक पुस्तिका होती.

१९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये विज्ञान अकादमी आणि ललितकला अकादमी यांची एकत्र बैठक भरली आणि तिथे अरागो या शास्त्रज्ञाने लुई दागेरची पद्धत सगळ्यांसमोर उघड केली. फ्रेंच सरकारने दागेरला वर्षाला ६००० फ्रँक आणि त्याचा दिवंगत भागीदार निएप्स याच्या मुलाला ४००० फ्रँक पेन्शन बांधून दिली, आणि त्या बदल्यात ही विद्या जगाला फुकट देऊन टाकली. आपल्या भाषेत सांगायचं तर ओपन सोर्स केली. (इंग्लंड सोडून. तिथे पाचच दिवस आधी, १४ ऑगस्टला, दागेरच्या नावाने पेटंट घेऊन ठेवलं होतं. लायसन्सच्या भानगडी फक्त आपल्याच धंद्यात असतात असं काही नाही :) )

दागेरची पुस्तिका लगेच छापून आली आणि वर्ष-दीड वर्षात तिच्या वेगवेगळ्या भाषांत मिळून तीसच्या वर आवृत्त्या निघाल्या. तीत सगळं होतं. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा कसा घासायचा, त्याला आयोडिनची वाफ कशी द्यायची, कॅमेऱ्यात किती वेळ ठेवायचा, मग पाऱ्याच्या वाफेवर प्रतिमा कशी उमटवायची. आकृत्याही होत्या. तरीसुद्धा लोकांना जमेना! शेवटी सप्टेंबरमध्ये दागेरला स्वतः उभं राहून लोकांसमोर प्रात्यक्षिकं करून दाखवावी लागली.

म्हणजे फोटोग्राफी जाहीर होऊन महिना झाला नाही तोच एक गोष्ट सिद्ध झाली होती. रेसिपी हातात असणं वेगळं आणि ती हाताला येणं वेगळं. पुरणपोळी करून बघितलेल्या कुठल्याही माणसाला हे वेगळं सांगायची गरज नाही.

हा सगळा इतिहास उकरून काढायचं कारण म्हणजे गेले काही महिने मी शनिवार-रविवारी एक रेकॉर्डेड व्हिडिओ कोर्स बघून फोटोग्राफी शिकतोय. मार्क लेवॉय हे स्टॅनफर्डचे कॉम्प्युटर सायन्सचे प्राध्यापक. २००९ ते २०१४ ते तिथे डिजिटल फोटोग्राफीचा कोर्स शिकवायचे. पुढे गूगलमध्ये असताना २०१६ साली त्यांनी तोच कोर्स सुधारून तिथल्या लोकांना शिकवला, त्याची १८ लेक्चर्स रेकॉर्ड केली आणि सगळ्या जगासाठी फुकट ठेवली. दागेरचंच काम, फक्त पेन्शन नाही.

लेक्चर्स झकास आहेत. पण बघता बघता डोक्यात किडा शिरला की या आधी लोक फोटोग्राफी शिकत होते तरी कसे? आपल्याकडे, मुंबईत, पहिल्यांदा कोणाला कोणी शिकवली? आणि मास्तर समोर नसताना शिकण्याचा हा प्रकार खरंच नवीन आहे का? शोधत गेलो तेव्हा जे सापडलं ते भारी आहे. म्हणून हा लेख.

तर आधी मुंबई.

१८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली. भारतातली ही पहिलीच. सभासद बहुतेक साहेबलोक, पण त्यांत एक ठळक नाव आपलं आहे. डॉ. भाऊ दाजी लाड. मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजमधून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या म्युझियमला १९७५ पासून ज्यांचं नाव आहे तेच हे. त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी हे तर उत्तम फोटोग्राफर. दोघे भाऊ डॉक्टर आणि दोघांना कॅमेऱ्याचा नाद, हा योगायोग नाही. त्या काळी फोटो काढणं म्हणजे अर्धं रसायनशास्त्र होतं, आणि रसायनं कळणारी, ती हाताळायची सवय असलेली माणसं म्हणजे डॉक्टर.

पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. शिकवायला क्रॉफर्ड नावाचे गृहस्थ. म्हणजे बघा, दागेरच्या पुस्तिकेला जेमतेम १६ वर्षं झाली होती, मुंबई-ठाणे रेल्वे सुरू होऊन फक्त दोन वर्षं, मुंबई विद्यापीठ अजून जन्माला यायचं होतं, आणि मुंबईतली पोरं कॉलेजात फोटोग्राफी शिकत होती! या वर्गातले एक विद्यार्थी म्हणजे हरिश्चंद्र चिंतामण. त्यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि ते शहरातल्या पहिल्या देशी व्यावसायिक फोटोग्राफरांपैकी एक झाले. १८५६ ते १८५८ या काळात मुंबईत जॉन्सन आणि हेंडरसन यांनी हौशी फोटोग्राफरांचा एक अल्बम क्रमशः काढला. त्यात नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण या दोघांचंही काम आहे.

आता प्रश्न असा की सरकारला हा वर्ग काढायची हौस कशाला? तर हौस वगैरे काही नाही, हिशोब होता. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलुखातल्या लेण्यांची, देवळांची, इमारतींची नोंद हवी होती. चित्रकार बसवले तर वर्षानुवर्षं जात. अजिंठ्याचंच बघा ना. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला १८४४ मध्ये तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं, तो वर्षानुवर्षं ते काम करत राहिला, आणि १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली त्यात त्यातल्या बहुतेक नकला जळून गेल्या. बॅकअप नाही! गिलने स्वतःही पुढे कॅमेरा हातात घेतला आणि त्याने काढलेल्या लेण्यांच्या फोटोंची पुस्तकं १८६४ मध्ये निघाली. तर फोटो हा स्वस्त, जलद आणि हव्या तेवढ्या प्रती काढता येणारा मार्ग. म्हणून १८५५ मध्ये मुंबई सरकारने कॅप्टन बिग्जला विजापूर, बदामी, ऐहोळेकडे कॅमेरा घेऊन पाठवलं, आणि त्याच वर्षापासून कंपनीच्या इंग्लंडमधल्या ॲडिसकमच्या लष्करी शाळेतही कॅडेट्सना फोटोग्राफी शिकवायला लागले.

तंत्रही नेमकं त्याच सुमाराला मोकळं झालं होतं. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या माणसाने १८५१ मध्ये काचेवरची ओली कलोडियन पद्धत शोधली आणि पेटंट न घेता सरळ मासिकात छापून टाकली. टॅल्बट नावाच्या दुसऱ्या संशोधकाचा दावा होता की हीसुद्धा आपल्याच पेटंटमध्ये येते. डिसेंबर १८५४ मध्ये लंडनच्या कोर्टात ज्युरीने तो दावा फेटाळला आणि रस्ता साफ झाला. बिचारा आर्चर मात्र १८५७ मध्ये गरिबीतच गेला. फुकट वाटणाऱ्यांचं नेहमीच भलं होतं असं नाही.

ओली कलोडियन पद्धत म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, म्हणजे क्रॉफर्ड मास्तरांच्या वर्गात काय चालत असेल याचा अंदाज येईल. स्वच्छ काच घ्यायची. तिच्यावर कलोडियन ओतून काच अशी कलती करायची की थर चारी कोपऱ्यांपर्यंत सारखा पसरला पाहिजे (डोसा तव्यावर पसरतो तसा, पण इथे पळी लावायची नाही). मग अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा, आणि ओली असतानाच परत अंधारात नेऊन डेव्हलप करायची. थर वाळला की संपलं. हे सगळं मिनिटांच्या हिशोबात. आणि कलोडियनमध्ये असतं ईथर आणि अल्कोहोल, जे इंग्लंडच्या थंडीत सावकाश उडतं आणि मुंबईच्या मे महिन्यात भसकन उडून जातं. म्हणजे इंग्लंडमध्ये छापलेल्या पुस्तकातले आकडे इथे जसेच्या तसे चालणं शक्यच नव्हतं. इथे शिकवायला इथेच हात काळे केलेला माणूस पाहिजे. (सिल्व्हर नायट्रेटने बोटं खरोखरच काळी होतात.)

म्हणून सोसायटी महत्त्वाची. पुस्तक परक्या हवेचं, पण शेजारचा सभासद याच हवेतला. तो सांगणार की बाबा रे, पहाटे काढ, द्रावण गार ठेव, थर जाड घाल. सभेत प्रिंट फिरायचे, लोक त्यात खोट काढायचे. आपल्याकडच्या कोड रिव्ह्यूसारखंच, फक्त समोरासमोर.

पण याच सोसायट्यांची दुसरी बाजूही बघितली पाहिजे. कलकत्त्याला १८५६ मध्ये बंगालची फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली आणि विद्वान राजेंद्रलाल मित्र तिचे खजिनदार होते. १८५७ मध्ये त्यांनी एका जाहीर सभेत निळीच्या मळेवाल्या गोऱ्यांवर कडक टीका केली. मळेवाले रयतेवर कसे जुलूम करत होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. झालं! सोसायटीतले गोरे सभासद खवळले आणि मित्रांना सोसायटीतून काढून टाकलं. फोटोशी याचा संबंध शून्य.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्ञान माणसांच्या गटात असेल, तर गटाच्या दाराशी कोण उभा आहे याला फार किंमत येते. पुस्तक कोणालाही हाकलत नाही. माणसं हाकलतात.

यानंतरचा माणूस माझा आवडता. लाला दीनदयाळ. जन्म १८४४, मेरठजवळच्या सरधान्याचा. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात इंजिनिअरिंग शिकले आणि १८६६ मध्ये इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून चिकटले. म्हणजे डिग्री, मग कॅम्पसमधून सरळ नोकरी, आपल्यासारखंच. १८७४ च्या सुमारास त्यांना फोटोग्राफीचा नाद लागला. तिथले एजंट सर हेन्री डेली यांनी उत्तेजन दिलं, पुढे लेपेल ग्रिफिनबरोबर बुंदेलखंडातल्या जुन्या वास्तूंचे फोटो काढायला गेले. १८८० च्या दशकात त्यांनी नोकरीतून लांब रजा काढली आणि परत काही गेले नाहीत. हैदराबादच्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर झाले, १८९४ मध्ये राजा मुसव्विर जंग हा किताब मिळाला आणि १८९६ मध्ये मुंबईत मोठा स्टुडिओ काढला. (एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी क्लायंट कॉल लांबला की मला दीनदयाळांची फार आठवण येते.)

त्यांच्या वास्तूंच्या फोटोंत इमारतीच्या उभ्या रेषा कशा सरळ उभ्या असतात ते बघा. तो हात ड्राफ्ट्समनचा आहे. म्हणजे माणूस जे आधी शिकलेला असतो ते वाया जात नाही, कॅमेऱ्यातून बाहेर येतंच.

त्याच सुमारास अमेरिकेत रॉचेस्टर गावी एका बँकेतल्या कारकुनाला प्रवासाला जायचं होतं, म्हणून १८७७ मध्ये त्याने कॅमेऱ्याचं सामान घेतलं आणि गावातल्या फोटोग्राफरला ५ डॉलर देऊन शिकवणी लावली. सामानात तंबूपासून काचांपर्यंत सगळं होतं. प्रवास राहिला बाजूला, पण हा कारकून या लटांबराला इतका वैतागला की त्याने ते सगळं नाहीसं करायचंच ठरवलं. त्याचं नाव जॉर्ज ईस्टमन. १८८८ मध्ये त्याने कोडॅक आणला. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंचा रोल. रोल संपला की कॅमेराच कंपनीला पाठवायचा, ते १० डॉलर घेऊन फोटो धुऊन, नवीन रोल भरून परत पाठवणार. बटण दाबण्यापलीकडे शिकायचं काही उरलंच नाही.

इथे फोटोग्राफीच्या शिक्षणाला फाटा फुटला. एका बाजूला कोट्यवधी लोक, ज्यांना शिकायची गरज नव्हती. दुसऱ्या बाजूला हट्टाने शिकणारे थोडे. आणि शिकायचं म्हणजे आता नक्की काय शिकायचं, हा प्रश्न तेव्हापासून आहे. कारण रसायनं गेली की मागे राहतं ते बघणं.

या थोड्या लोकांसाठी मग पोस्टाने शिकवणारे निघाले. न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ फोटोग्राफी १९१० ची, पुढे पत्राने शिकवण्यासाठीच प्रसिद्ध झाली. धडे पोस्टाने येणार, तुम्ही फोटो काढून पाठवणार, तिकडून तपासून येणार. १९६० च्या दशकात अमेरिकेत फेमस फोटोग्राफर्स स्कूल नावाची अशीच एक शाळा निघाली. जाहिरातीत मोठमोठी नावं. रिचर्ड ॲव्हेडन, अर्विंग पेन, आल्फ्रेड आयझेनस्टाट. बघणाऱ्याला वाटावं की साक्षात ॲव्हेडन आपला गृहपाठ तपासणार. १९७० मध्ये जेसिका मिटफर्ड या पत्रकार बाईंनी याच कंपनीच्या लेखकांसाठीच्या शाळेची द अटलांटिक मासिकात चिरफाड केली. नावं मोठ्यांची, तपासणारे पगारी लोक, आणि मधेच शिकणं सोडून दिलेल्या विद्यार्थ्यांच्या फीवर चाललेला धंदा. १९७२ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. ऑनलाईन कोर्स विकत घेऊन तिसऱ्या धड्यानंतर ज्यांनी उघडलेला नाही, त्यांनी हा परिच्छेद जरा सावकाश वाचावा :)

पण त्या शाळेचं एक मान्य केलं पाहिजे. तुमचा फोटो कोणीतरी बघत होतं. ॲव्हेडन नसेल, पण माणूस होता.

आपल्याकडे या मधल्या काळात बहुतेक लोक शिकले ते उमेदवारीने. स्टुडिओत झाडू मारण्यापासून सुरुवात, मग डार्करूम, मग कधीतरी कॅमेऱ्याला हात. किंवा घरातल्याच कोणाकडून. भारतातल्या पहिल्या महिला छायाचित्रपत्रकार होमाई व्यारावाला मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, पण कॅमेरा शिकवला तो माणेकशा यांनी, जे पुढे त्यांचे पती झाले. त्यांचे सुरुवातीचे फोटो माणेकशांच्याच नावाने छापून आले. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि २०१२ च्या जानेवारीत त्या गेल्या. स्वातंत्र्याच्या काळातले किती तरी फोटो आज त्यांच्या नावाने ओळखले जातात. पण विचार करा, घरात माणेकशा नसते तर? स्टुडिओतल्या कोणत्या मास्तराने १९३० च्या दशकात एका मुलीला उमेदवार म्हणून ठेवून घेतलं असतं?

हा प्रश्न जुना झालाय असं समजू नका. माझी मामेबहीण लातूरला असते. तिला लग्नांचे फोटो काढायचा व्यवसाय करायचाय. तिथल्या एका स्टुडिओत ती विचारायला गेली तर मालक म्हणाले, "रात्री-बेरात्री जावं लागतं, मुलींचं काम नाही." विषय संपला. आता ती तीच १८ लेक्चर्स बघते जी मी बघतो. मोबाईलवर, इंग्रजी थांबवून थांबवून. लेवॉय सरांना ती मुलगी आहे, लातूरची आहे, तिचं इंग्रजी मराठी माध्यमातलं आहे, यातलं काहीच माहीत नाही, आणि म्हणूनच त्यांनी तिला हाकलायचा प्रश्न येत नाही. रेकॉर्डेड कोर्सची सगळ्यात मोठी ताकद ही. मास्तरला तुम्ही दिसत नाही.

आणि सगळ्यात मोठी कमतरताही हीच. मास्तरला तुम्ही दिसत नाही.

या कोर्समध्ये काय आहे ते सांगतो. भिंगं, सेन्सर, फोटॉन, नॉईज, रंग, फोकस. आपल्यासारख्या डोक्यांना मेजवानी. उदाहरणार्थ छिद्राचे आकडे २, २.८, ४, ५.६, ८ असे विचित्र का असतात? प्रत्येक आकडा आधीच्याच्या वर्गमूळ दोन पट, म्हणजे साधारण १.४ पट. आकडा १.४ पट वाढला की छिद्राचा व्यास तेवढ्या पटीने कमी होतो, क्षेत्रफळ निम्मं होतं, म्हणजे प्रकाश निम्मा. बस्स. हे एकदा कळलं की कॅमेऱ्यावरचे आकडे पाठ करावे लागत नाहीत. किंवा अंधारात फोटोत दाणे का दिसतात? फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे येतात, मोजूनमापून नाही. जितके कमी, तितका त्यांच्यातला चढउतार ठळक. एकाच दृश्याचे ९ फोटो घेऊन त्यांची सरासरी काढली तर तो नॉईज एकतृतीयांशावर येतो, कारण ९ चं वर्गमूळ ३.

आणि आता गंमत. हीच युक्ती वापरून फोनसाठी सॉफ्टवेअर बनवलं ते लेवॉय यांच्याच गटाने. गूगलच्या फोनमधलं एचडीआर प्लस, आणि २०१८ मध्ये आलेलं, अंधारातसुद्धा फोटो काढणारं नाईट साईट. (२०२० मध्ये ते गूगल सोडून ॲडोबीत गेले.) म्हणजे एकच माणूस एका हाताने लोकांना एक्स्पोजर शिकवत होता आणि दुसऱ्या हाताने ते शिकायची गरज संपवत होता. दागेर आणि ईस्टमन एकाच खुर्चीत!

मग शिकायचं तरी कशाला? माझा एक ऑफिसमधला मित्र हेच विचारतो. याला माझं उत्तर एका उदाहरणात देतो. कॅमेऱ्याचा मीटर असं धरून चालतो की समोरचं सगळं सरासरी करड्या रंगाचं आहे. त्यामुळे काळ्या पाषाणाच्या विठोबाने फ्रेम भरली तर तो त्याला उजळून करडा करणार, आणि पांढऱ्या टोपीला काळवंडून करडी. अॅन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास यावर झोन सिस्टिम बसवली. काळ्या कुट्टपासून पांढऱ्या फटकपर्यंत ११ पायऱ्या, शून्य ते दहा, आणि फोटो काढणाऱ्याने आधी ठरवायचं की समोरची कोणती गोष्ट कोणत्या पायरीवर बसली पाहिजे. मीटर फक्त मोजतो. विठोबा काळाच दिसला पाहिजे हे माणसाने ठरवायचं. आजचा फोन मीटरपेक्षा खूप हुशार आहे, पण तोही ठरवतो ते लाखो लोकांच्या सरासरी आवडीने. शिकायचं ते एवढ्यासाठी, की ठरवणारे आपण असावं.

आता माझा मुद्दा. शिकताना दोन प्रकारचे निकाल हाती यावे लागतात. एक यंत्राचा: फोटो आला की नाही, काळा पडला का, हलला का. हा निकाल कलोडियनच्या काळात काही मिनिटांत मिळायचा, कोडॅकच्या काळात कॅमेरा पोस्टाने परत येईपर्यंत, आणि आता कॅमेऱ्याच्या पाठीवर एका सेकंदात. इतिहासातला सगळ्यात वेगवान कंपायलर. दुसरा निकाल माणसाचा: हा फोटो कशाचा आहे, का काढलास, डावीकडचा विजेचा खांब दिसला नाही का? क्रॉफर्डच्या वर्गात तो होता, सोसायटीच्या सभेत होता, पोस्टाच्या शाळेत उशिरा का होईना पण होता. व्हिडिओ कोर्समध्ये नाही. गृहपाठ आहे, तपासणारं कोणी नाही. सोशल मीडियावर टाकला तर शंभर लाईक येतात, पण लाईक म्हणजे तपासणं नव्हे. ते कंपाईल झालं तर टाळ्या वाजवण्यासारखं आहे.

म्हणजे दोनशे वर्षांच्या आतच चक्र पूर्ण फिरून आपण दागेरच्या पुस्तिकेपाशी आलो. पुस्तिका कितीतरी सुंदर झाली, बोलायला लागली, फुकट झाली. पण पुस्तिकाच.

मामेबहिणीने यावर स्वतःच तोडगा काढला. दर रविवारी रात्री ती मला पाचच फोटो पाठवते आणि वर मेसेज, "दादा, नुसतं छान म्हणू नकोस." मीही तिला पाच पाठवतो. मागच्या महिन्यात तिने एका लग्नातला फोटो पाठवला. नवरदेवाचा पांढरा फेटा अगदी स्वच्छ, तपशील जागच्या जागी. मी म्हटलं मस्त एक्स्पोजर. तर तिचं उत्तर आलं, "ते मीटरचं झालं. पण नवरीची आई कुठे बघतेय ते बघितलंस का?" खरंच, मागे कोपऱ्यात ती बाई लेकीकडे बघत उभी होती आणि सगळा फोटो तिचाच होता. हे अठरापैकी कुठल्या लेक्चरमध्ये आहे ते सांगता येणार नाही. मी तिला लेक्चर्सची मराठीत टिपणं लिहून देतो, ती मला बघायला शिकवते. सौदा माझ्या फायद्याचा आहे.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९३७ मध्ये सुरू झाली, आणि छोट्या-मोठ्या शहरांत असे गट असतात. जवळपास असेल तर जरूर जा. नसेल तर दोन माणसांची सोसायटीही चालते. फक्त राजेंद्रलाल मित्रांना बाहेर काढणारी नको.

थोडक्यात काय तर, मंडळी, कोर्स बघा, जरूर बघा. आर्चरसारख्या लोकांनी फुकट देऊन ठेवलेली ही परंपरा आहे आणि ती घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. पण एका लेक्चरमागे वीस फोटो काढा, त्यातले पाच निवडा, आणि ते अशा एका माणसाला दाखवा जो छान म्हणून पुढे जाणार नाही. आणि तुम्हाला कोणी दाखवले तर तुम्हीही नीट बघा. मास्तरांचं अर्धं काम रेकॉर्ड झालं. उरलेलं अर्धं एकमेकांसाठी आपणच करायचं आहे.